वेळापत्रकातील चित्रकला

शाळेचे वेळापत्रक हा वरवर पाहता अगदी निरुपद्रवी कागद असतो. जून महिन्यात तो शिक्षकखोलीत लागतो, त्याच्या नकला वर्गावर्गांत जातात आणि पुढे वर्षभर त्याच्याकडे कोणी चिकित्सक दृष्टीने पाहत नाही. वास्तविक कोणत्या विद्येविषयी शाळेला किती आदर आहे, हे तिच्या ध्येयवाक्यापेक्षा या कागदावरून अधिक खरेपणाने कळते. कोणता विषय सकाळच्या ताज्या वेळेला आहे, कोणता जेवणाच्या सुट्टीनंतर, कोणता शनिवारी अगदी शेवटी. कोणती तासिका गरज पडल्यास दुसऱ्याला देता येते आणि कोणती काही झाले तरी देता येत नाही, हे सारे तेथे लिहिलेले असते. या स्मरणिकेच्या निमित्ताने चित्रकलेचा विचार आम्ही याच कागदावरून करू इच्छितो.

प्रथम थोडा हिशेब. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनतास ठरवून दिले आहेत. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २२० दिवसांचे सुमारे ३६ आठवडे होतात. चित्रकलेला आठवड्यास दोन तासिका आणि प्रत्येक तासिका ३५ मिनिटांची मानली, तर वर्षाच्या ७२ तासिका, म्हणजे घड्याळाचे ४२ तास. हजारातले बेचाळीस. हेही कागदावरचे. घटक चाचण्या, सहामाही, वार्षिक परीक्षा, स्नेहसंमेलन, निरनिराळे सप्ताह आणि पंधरवडे यांची वजाबाकी अजून व्हायचीच असते. ही वजाबाकी सर्वच विषयांना सोसावी लागते हे खरे. परंतु ज्याच्या वाट्याला आठवड्याच्या सहा-सात तासिका आहेत त्याच्या दहा-पंधरा गेल्या तर ओरखडा उमटतो, आणि ज्याच्या वाट्याला दोनच आहेत त्याच्या तेवढ्याच गेल्या तर हात तुटतो.

याच कायद्याच्या परिशिष्टात आणखी एक तरतूद आहे. सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा असे त्यात म्हटले आहे. कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी मात्र ‘अंशकालीन निदेशक’, आणि तेही पटसंख्या शंभराच्या वर असेल तेथे. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. जेथे काहीच नव्हते तेथे काही तरी द्यावे, असाच तो असावा. पण शिक्षक कोण आणि निदेशक कोण, पूर्णवेळ कोण आणि अंशकालीन कोण, ही उतरंड एकदा कायद्याच्या भाषेत उमटली की ती वेळापत्रकात उतरायला उशीर लागत नाही. जुना कलाशिक्षक निवृत्त होतो, ती जागा रिकामी राहते, आणि ‘सध्यापुरती’ चित्रकला ज्या शिक्षकाचा कार्यभार कमी भरतो त्याच्याकडे जाते. पाठ्यपुस्तकांतही ही दाटी दिसते. प्राथमिक वर्गांसाठीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला हे तिन्ही विषय एकाच मलपृष्ठाखाली नांदतात. नाव सुंदर आहे. तीन भावंडांना एक अंथरूण, अशी त्यामागची स्थिती आहे.

तथापि चित्रकलेची तासिका कोणी ठरवून बंद करत नाही. ती उसनी जाते, हे नीट समजून घेतले पाहिजे. गणिताचा भाग मागे पडला, विज्ञानाचे प्रयोग राहिले, इंग्रजीची उजळणी हवी, शिष्यवृत्तीचा सराव घ्यायचा आहे, अशा वेळी मागणी करणाऱ्या शिक्षकाला सर्वांत कमी संकोच कोणत्या तासिकेविषयी वाटतो, एवढाच प्रश्न असतो. याचे कारण दहावीच्या गुणपत्रिकेत आहे. तेथे सहा विषयांचे ६०० गुण आहेत आणि त्यांतील उत्तम पाच विषयांचे ५०० धरून टक्केवारी निघते. या सहांत चित्रकला नाही. नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ आहे. पण तो श्रेणीचा विषय, त्याची श्रेणी टक्केवारीत मिसळत नाही. जो विषय टक्केवारीत मिसळत नाही त्याच्या बाजूने मार्च महिन्यात कोणी उभे राहत नाही.

येथे गणिताच्या शिक्षकाला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. ती मिळवणाऱ्या अनुदानित शाळेतील पात्र विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, एकूण ४८,०००. ज्या घरातील आईवडील ऊसतोडीला किंवा रोजंदारीवर जातात त्या घरात या रकमेचा अर्थ काय होतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्या परीक्षेच्या सरावासाठी जेव्हा एक जादा तासिका मागितली जाते, तेव्हा मागणारा त्या मुलाचे हितच पाहत असतो. म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. दोन्ही बाजूंना मुलाचे हित आहे. एका बाजूचे हित आकड्यांत दाखवता येते, दुसऱ्या बाजूचे येत नाही.

मग दुसऱ्या बाजूचे हित आहे तरी कोणते? ‘सर्जनशीलता’, ‘व्यक्तिमत्त्वविकास’ हे शब्द अशा वेळी पुढे केले जातात. ते खोटे नाहीत, पण इतके सैल आहेत की त्यांच्या आधारावर कोणतीही तासिका वाचत नाही. आम्ही जरा अधिक साधे उत्तर देऊ. चित्रकलेच्या वर्गात मूल पाहायला शिकते. कोणाही मुलाला बादली काढायला सांगा. ते वरचे तोंड लंबवर्तुळाकार काढील आणि तळ सरळ रेघेने मिटवील, कारण बादली जमिनीवर सपाट बसते हे त्याला ठाऊक आहे. ते ठाऊक असलेले काढते, दिसणारे काढत नाही. तळाची कडही वक्रच दिसते, आणि आपली नजर तिच्या जितकी वर तितका तो वक्र अधिक भरलेला दिसतो, हे त्याच्या ध्यानात येण्यासाठी त्याने ती बादली तीनचार वेळा चुकवावी लागते. आधीच्या माहितीला बाजूला सारून समोरचे आहे तसे पाहणे ही फार अवघड गोष्ट आहे. ती व्याख्यानाने येत नाही, सरावाने येते. आणि सराव खंडित झाला की गळून पडते.

यासाठी वेळ कसा लागतो तेही सांगितले पाहिजे, कारण वेळापत्रक करणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते. ३५ मिनिटांच्या तासिकेत पहिली पाच-सात मिनिटे मुले जागेवर बसून कागद, पट्टी, पेन्सिल काढण्यात जातात. जलरंग असतील तर पाणी आणणे, रंग वाटणे यात आणखी काही. शेवटची सात-आठ मिनिटे कुंचले धुणे आणि आवराआवर. हाती वीस मिनिटे उरतात. जलरंगाचा पहिला हलका थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. पावसाळी हवेत तर तो वीस मिनिटांत वाळतही नाही. म्हणजे मूल पहिला थर देते, घंटा होते, आणि पुढची तासिका चार दिवसांनी येते. दरम्यान मांडून ठेवलेली वस्तू हललेली असते, प्रकाश बदललेला असतो आणि मुलाचे मनही. आठवड्याच्या दोन सुट्या तासिका आणि लागोपाठ जोडलेल्या दोन तासिका यांची बेरीज कागदावर सारखीच येते. प्रत्यक्षात पहिलीतून चाळीस मिनिटे काम होते, दुसरीतून पंचावन्न, आणि तेही सलग. भाषेला किंवा गणिताला रोजची छोटी मात्रा मानवते. चित्रकलेला ती मानवत नाही. सर्व विषयांना एकाच मापाचे कपडे शिवण्याच्या आपल्या सवयीत चित्रकलेचे नुकसान कोणाच्या दुष्टाव्याशिवायच होऊन जाते.

चित्रकलेला गुणांचे बळ द्यावे म्हणजे ती वाचेल, असा एक उपाय सुचवला जातो. महाराष्ट्रात तो काही अंशी अमलात आहे. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणी मिळाल्यास दहावीला ७, ब श्रेणीस ५ आणि क श्रेणीस ३ वाढीव गुण मिळण्याची सोय झाली. तिचा फायदा निर्विवाद आहे: ज्या शाळांत चित्रकलेची तासिका नामशेष होण्याच्या बेतात होती तेथे ती पुन्हा दिसू लागली, पालक चौकशी करू लागले. परंतु तिची किंमतही आहे. स्मरणचित्राचे उदाहरण घ्या. बाजार, बसथांबा, पाणवठा, फुगेवाला असे विषय येतात हे सर्वांना माहीत असते. मग डोक्यावर टोपली घेतलेली एक स्त्री, हात धरून चालणारे एक मूल, उजव्या कोपऱ्यात एक झाड, मागे दोन घरे अशी तयार मांडणी मुलांकडून घोटून घेतली जाते. विषय कोणताही आला तरी तीच मंडळी तेथे हजर होतात. ज्या मुलाने आपल्या गावचा आठवडे बाजार जन्मापासून पाहिला आहे तेही मार्गदर्शिकेतला बाजार काढते, आपला काढत नाही. स्मरणचित्र हे नाव त्याला कसे शोभावे? आणि इंटरमिजिएट आटोपली, बहुधा आठवी-नववीत, की मुलाच्या हातातला कुंचला कायमचा खाली ठेवला जातो. गुण मिळाले, काम संपले.

या परीक्षांतील कर्तव्यभूमिती, अक्षरलेखन, संकल्पचित्र हे घटक पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमलात चित्रकला शाळेत आली ती करमणूक म्हणून नव्हे. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची जी पद्धती येथे आणली गेली तिचा भर कारागिराचा हात आणि डोळा तयार करण्यावर होता. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ साली निघाले ते सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, आणि त्यामागेही हस्तोद्योग सुधारण्याचा उद्देश होता. म्हणजे ज्या विषयाला आज ‘उपयोग काय?’ असे विचारले जाते, तो मुळात उपयोगाच्या दाव्यावरच आत आला होता.

या कलाविद्यालयाचा अजिंठ्याशी जडलेला संबंध आम्हांला विशेष जवळचा वाटतो. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली त्याच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांच्या आधी, १८४४ पासून, रॉबर्ट गिल हे लष्करी अधिकारी तेथे प्रतिकृती करत होते. त्यांची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांपैकीही पुष्कळशी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेली. उरलेल्यांच्या आधारे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रे गेली, पण लेण्यांच्या अंधूक उजेडात वर्षानुवर्षे रेषेमागून रेषा काढणाऱ्या त्या तरुणांच्या हातात जे आले ते कोणत्या आगीत जाणार होते?

आता आपल्या वर्गात अजिंठा कसा येतो ते पाहा. इतिहासाच्या तासाला लेणी कोणत्या जिल्ह्यात आहेत, ती कोणी उजेडात आणली, जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश कोणत्या वर्षी झाला, असे प्रश्न येतात. १९८३ असे उत्तर लिहिले की एक गुण. हे ज्ञान आहे आणि ते असलेच पाहिजे. पण पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाचा नीलकमल धरलेला हात एखाद्या मुलाने काढायला घेतला, तर त्याला महिनाभर पुरेल. बोटे कोठे वळतात, देठावर दाब किती हलका आहे, एकच रेषा कोठे जाड होते आणि कोठे विरते, मस्तक एका बाजूला किंचित कलल्याने खाली झुकलेल्या डोळ्यांचा भाव कसा पालटतो, हे त्याला एकेक करून दिसू लागते. मग ते रंगांविषयी विचारते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुना हे तर आपल्या आसपासचेच. निळा तेवढा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातून आलेला. चिखलात भुसा आणि वनस्पतींचे तंतू मळून केलेला भिंतीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो कोरडा झाल्यावर चढलेले रंग. येथे भूगोल आला, रसायनशास्त्र आले, व्यापाराचा इतिहास आला. ते सारे एका हाताच्या मागे चालत आले. सहलीला गेलेली मुले प्रत्येक लेण्यात दोन मिनिटे थांबतात, मोबाइलवर चित्र घेतात आणि पुढे सरकतात. ज्याने तो हात एकदा स्वतः काढला आहे असे मूल मात्र तेथून लवकर हलत नाही.

हे वाचून एखादा शिक्षणाधिकारी म्हणेल, की मग कलेच्या माध्यमातून इतर विषय शिकवा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलासमेकित अध्ययनाचा पुरस्कार आहे. कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातील आणि अभ्यासेतर यांच्यामध्ये भिंती असू नयेत असेही ते धोरण सांगते. त्याआधी २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सर्वांसाठी विषय असावा अशी भूमिका घेतली होती. तत्त्व उत्तम आहे. व्यवहारात मात्र कलासमेकन म्हणजे विज्ञानाचा तक्ता रंगवणे, असा अर्थ झपाट्याने रूढ होत आहे. पुस्तकातील हृदयाची आकृती मोठ्या कागदावर उतरवून तांबडा-निळा रंग भरणे याला चित्रकला म्हणता येणार नाही. ती चित्रकलेकडून घेतलेली वेठ आहे. पद्मपाणीच्या उदाहरणात इतर विषय चित्राकडे आले होते. तक्त्याच्या उदाहरणात चित्र दुसऱ्याच्या दारी राबायला गेले.

वेठ हा शब्द आम्ही जाणून वापरला. हाताचे काम हलके आणि पोथीचे काम थोर, ही प्रतवारी आपल्या समाजात शाळांच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचे चटके कोणी सोसले हे या स्मरणिकेच्या वाचकांना माहीत आहे. विषयांच्या उतरंडीत कला, क्रीडा आणि कार्यानुभव हे तिन्ही हातापायांचे विषय एकत्र तळाला असावेत, हा केवळ योगायोग आम्ही मानत नाही. गुंतागुंत अशी, की ज्यांना या प्रतवारीने पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या कामात जखडून ठेवले त्याच घरांतील पालक आज पुस्तकाच्या विद्येवर सर्वाधिक भिस्त ठेवतात. “चित्रं काढून पोट भरणार आहे का, गुरुजी?” असे विचारणाऱ्या बापाच्या प्रश्नात अडाणीपणा नाही, अनुभव आहे. त्याला वस्त्रसंकल्पन, मुद्रण, वास्तुकला, ॲनिमेशन अशी व्यवसायांची नावे सांगता येतात आणि सांगावीतही. पण त्याच्या मुलीने या क्षेत्रांत जायचे ठरवले, तर तिला शहरातील अशा मुलांशी स्पर्धा करावी लागेल ज्यांच्या शाळेची तासिका उसनी गेली तरी संध्याकाळी खाजगी वर्ग असतो, घरी रंगपेटी असते. आमच्या मुलीला पाठ्यपुस्तके मोफत मिळतात, रंगपेटी मिळत नाही. शाळेची तासिका हीच तिची एकमेव तासिका. ती उसनी घेतली गेली, तर ते उसने तिच्याकडूनच घेतलेले असते.

निवासी शाळेला येथे एक सवलत आहे, जी दिवसाच्या शाळांना नाही: आमची घंटा झाल्यावर मुले घरी जात नाहीत. म्हणून आमच्याकडे पाचवी ते आठवीच्या चित्रकलेच्या दोन तासिका जोडून बुधवारी मध्यावर ठेवलेल्या आहेत; शनिवारच्या शेवटच्या तासिकेवर सर्वांचा डोळा असतो, बुधवारच्या मध्यावर सहसा नसतो. कोणाला ती वेळ हवीच असेल तर नोंदवहीत परतफेडीचा दिवस लिहून घ्यावी लागते. या एका ओळीमुळे मागण्या आपोआप घटल्या, हे सांगताना आम्हांला थोडी गंमतही वाटते. फलकलेखन, प्रमाणपत्रांवरील नावे, संमेलनाचे नेपथ्य ही कामे कलाशिक्षकांकडे असतातच. ती तासिकेच्या वेळात करायची नाहीत, एवढा संकेत पाळला जातो. चौघांत एक रंगपेटी असते. गेरू, हळद, नीळ आणि काजळी यांवर बरेच भागते. वसतिगृहातील प्रत्येक मुलाजवळ पत्र्याची पेटी असते. तिची कडी, गंजलेला कोपरा, झाकण अर्धे उघडल्यावर पडणारी सावली, हा मुलांचा स्थिरचित्राचा पहिला धडा असतो. मांडलेली वस्तू पुढच्या बुधवारपर्यंत जागची हलू नये म्हणून भांडारखोलीचा एक कोपरा मोकळा ठेवलेला आहे.

नववी-दहावीचा प्रश्न मात्र अजून सुटायचा आहे. त्या दोन वर्गांच्या वेळापत्रकात कोठेही सलग सत्तर मिनिटे सापडत नाहीत, आणि गणित-विज्ञानाकडून ती मागावीत असे निकालाकडे पाहता म्हणवत नाही. सध्या रविवारी सकाळी न्याहारीनंतर दीड तास भांडारखोलीशेजारचा व्हरांडा त्यांच्यासाठी उघडा असतो. येणे ऐच्छिक आहे. हजेरी घेतली जात नाही, चित्रांना गुण दिले जात नाहीत. वाळत घातलेले कागद दोरीवर दुपारपर्यंत तसेच असतात, आणि जेवणाच्या रांगेत उभी असलेली लहान मुले ते पाहत राहतात.